धुरात कार्ड, गर्दीत प्रोसेसर

२००३ च्या आसपास भंडाऱ्यात गेम अडकला की आधी कान द्यायचे, डोळे नंतर. कॅबिनेटमधून कुरकुर येतेय आणि पुढचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही, म्हणजे रॅम पुरेना आणि विंडोज हार्ड डिस्कवर उचल-ठेव करत बसलंय. १२८ एमबी रॅमवर व्हाइस सिटी खेळताना गाडी पुलावरून एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे निघाली की हा दिवा हमखास पेटून राहायचा. आवाज नसेल, दिवाही शांत असेल आणि तरी चित्र तुटत असेल, तर दुखणं उरलेल्या दोघांपैकी एकाचं: प्रोसेसरचं किंवा ग्राफिक्सचं.

या दोघांतला निवाडा काउंटर-स्ट्राइकमध्ये व्हायचा. स्मोक ग्रेनेड पायाशी टाकायचा आणि धुरातच उभं राहायचं. चित्र तिथे रखडलं तर कार्ड कमजोर. मग धूर विरेपर्यंत थांबायचं आणि बॉट वाढवत न्यायचे. बॉट वाढल्यावर रखडलं तर प्रोसेसर. मागं उभ्या असलेल्या पोट्ट्यांपैकी कोणीतरी निकाल सांगायचा, ‘धुरात कार्ड, गर्दीत प्रोसेसर’, आणि दुकानात जाण्याआधी एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

इतक्या वर्षांनी या रीतीचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण ती बरोबर होती. धूर म्हणजे अर्धपारदर्शक चित्रांचे एकावर एक रचलेले थर. धुराच्या आत उभं राहिलं की पडद्यावरचा तोच तो ठिपका कार्डाला पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. प्रोसेसरला मात्र त्याचा फारसा भार नाही. बॉटचं उलटं. बॉटनं कुठून यायचं, भिंतीआड कधी थांबायचं, नेम कुणावर धरायचा, हा सगळा हिशोब प्रोसेसरचा. एकाच खेळात एक प्रसंग असा निवडायचा की ज्यात फक्त कार्डाला घाम फुटेल, आणि दुसरा असा की ज्यात फक्त प्रोसेसरला. आज मोठमोठे हार्डवेअर परीक्षक चाचणीसाठी खेळातला कुठला भाग घ्यायचा हे याच विचारानं ठरवतात. आमच्याजवळ मोजायला काही नव्हतं, म्हणून प्रसंग नीट निवडणं भाग होतं.

अगदीच काही नव्हतं असंही नाही. काउंटर-स्ट्राइकच्या कन्सोलमध्ये नेट_ग्राफ ३ लिहिलं की कोपऱ्यात फ्रेमचा आकडा यायचा. क्वेक ३ मध्ये टाइमडेमोची आज्ञा होती. आधीच रेकॉर्ड झालेला डाव यंत्र जमेल तितक्या वेगानं पळवायचं आणि शेवटी सरासरी सांगायचं. फ्रॅप्स नावाचा छोटा प्रोग्राम कोणत्याही खेळावर पिवळा आकडा दाखवायचा. पण आकडा फक्त ‘किती’ सांगायचा. ‘कोणामुळं’ हे विचारायची सोय नव्हती. एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आलेख होता खरा, पण तो पाहायला ऑल्ट-टॅब करून खेळाबाहेर यावं लागे, आणि बाहेर आलेला खेळ पुष्कळदा परत आत येतच नसे. ग्राफिक्स कार्डाचा आलेख तर विंडोजमध्ये यायला २०१७ उजाडलं.

त्या काळी गावात कॉम्प्युटर आले ते मुख्यतः एमएस-सीआयटीच्या पाठीवर बसून. एमकेसीएलनं २००१ मध्ये हा कोर्स सुरू केला आणि थोड्याच वर्षांत भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा गावांतून क्लासच्या पाट्या लागल्या. घरी कॉम्प्युटर घ्यायचा तो ‘पोरगं शिकंल’ म्हणून. त्यामुळं यंत्रही शिकण्यापुरतंच यायचं: सेलेरॉन किंवा पेंटियम ४, १२८ किंवा २५६ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क, १५ इंची फुगीर काचेचा मॉनिटर, आणि ग्राफिक्स बोर्डावरच. बोर्डावरचं ते ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नसे. आधीच अपुऱ्या असलेल्या रॅममधून आपला वाटा काढून घेई. त्रिमितीय आकारांचे कोपरे कुठे पडतील हा हिशोबही बहुतेक वेळा प्रोसेसरच्याच गळ्यात पडे. म्हणजे अशा यंत्रात ‘प्रोसेसर की ग्राफिक्स’ हा प्रश्नच अर्धवट होता, कारण ग्राफिक्सचं अर्धं काम प्रोसेसर करत होता आणि दोघं एकाच रॅमच्या दारात उभे होते. १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून हा कोपऱ्यांचा हिशोब कार्डावर गेला होता. जीपीयू हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. पण ते कार्ड आमच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ होता.

आणि पोचलं तरी बसवायचं कुठे? इंटेलच्या ८४५जीव्ही चिपसेटच्या बोर्डांवर एजीपीची खाचच नसायची. बिलावर ते एक अक्षर, ‘व्ही’, कोणी वाचत नसे. कॅबिनेट उघडून पांढऱ्या पीसीआयच्या खाचा मोजायच्या आणि त्यांच्या वर तपकिरी रंगाची एजीपीची खाच आहे का पाहायचं, ही निदानाची पहिली पायरी होती. खाच नसेल तर पुढची सगळी चर्चा मिटली. माझ्या एका मित्राकडं अशी खाच नव्हती आणि त्यानं पुढची काही वर्षं काउंटर-स्ट्राइक सॉफ्टवेअर मोडवर खेळून काढली. त्या मोडमध्ये प्रत्येक ठिपका प्रोसेसरच रंगवतो. चित्र दाणेदार, पण ६४० बाय ४८० वर खेळ चालायचा, आणि नेम त्याचा आमच्यापेक्षा चांगला होता.

ज्यांच्याकडं खाच होती त्यांची एसटी नागपूरला जायची. मौदा, पारडी, मग सीताबर्डी. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. काउंटरवरच्या काकांना ‘जास्तीत जास्त कितीपर्यंत’ एवढंच सांगायचं आणि ते समोर दोन-तीन डबे मांडायचे. परत येताना डबा मांडीवर, खिडकीकडून ऊन लागू नये म्हणून वर रुमाल. त्या डब्यांत सगळ्यात जास्त जीफोर्स ४ एमएक्स असायचा. २००२ चं हे कार्ड व्हाइस सिटीला उत्तम होतं. धुराची परीक्षाही पार करायचं. पण त्यात पिक्सेल शेडर नव्हते. संगणक मासिकांच्या सीडीवर तेव्हा थ्रीडीमार्क २००१ ही फिनलंडची चाचणी मिळायची. तिच्यातला ‘नेचर’ नावाचा भाग, म्हणजे झाडं, वारा, पाणी आणि मासेमारी करणारा माणूस, या कार्डावर चालतच नसे. चाचणी तो भाग सोडून पुढं जाई. २००३ च्या अखेरीस प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम आला आणि त्याच्या डब्यावरच लिहून आलं की जीफोर्स ४ एमएक्स चालणार नाही. तिथं आम्हाला निदानाचा एक तिसरा प्रकार कळला. यंत्र हळू आहे, यंत्र वाट पाहतंय, आणि यंत्राला ते काम येतच नाही, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या दुखण्यावर सेटिंग बदलून काही होत नाही.

सगळ्यात खात्रीची तपासणी अदलाबदलीची. जवाहरनगरच्या वसाहतीतल्या मित्राकडं चांगला प्रोसेसर, गावातल्या दुसऱ्याकडं चांगलं कार्ड. रविवारी एकाचं कॅबिनेट लुनाच्या पायदानावर उभं करून दुसऱ्याच्या घरी न्यायचं. कार्ड काढायचं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, दुसऱ्या बोर्डात बसवायचं, तोच खेळ तिथंच लावायचा. कार्ड बदलून फरक पडला तर कार्ड. नाही पडला तर प्रोसेसर. यात ड्रायव्हर बदलण्यात दुपार जायची, मित्राची आई चहाच्या फेऱ्या करायची आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही यंत्रं उघडी पडलेली असायची. पण जो निकाल लागायचा त्यावर वाद नसे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मला शाळेच्या प्रयोगशाळेत सांगितला गेला होता. पटला तो त्या खोलीत.

ज्याच्याकडं न्यायला मित्राचं घर नव्हतं त्याच्यासाठी रेझोल्युशनची चाचणी होती. खेळ १०२४ बाय ७६८ वर चालवा, फ्रेम पाहा. मग ६४० बाय ४८० वर चालवा, पुन्हा पाहा. पहिल्यात ७,८६,४३२ ठिपके, दुसऱ्यात ३,०७,२००. कार्डाचं काम अडीचपटीनं कमी झालं. प्रोसेसरचं काम मात्र होतं तेवढंच, कारण शत्रू तेवढेच, गाड्या तेवढ्याच, गोळीचा मार्ग तोच. ठिपके कमी केल्यावर खेळ उसळून पळाला तर अडवणारं कार्ड होतं. ढिम्म हलला नाही तर प्रोसेसर.

असं का होतं ते भंडाऱ्यात तरी रोवणीच्या भाषेत सांगावं. पऱ्ह्यातली रोपं उपटून, पेंढ्या बांधून बांधीत पोचवणारे दोन-चार गडी आणि बांधीत ओळीनं वाकून रोवणाऱ्या पुष्कळ बाया. गडी म्हणजे प्रोसेसर: काय, कुठं, कोणत्या क्रमानं लावायचं हे त्याच्याकडून येतं. बाया म्हणजे ग्राफिक्स कार्ड: प्रत्येकीचं काम लहान, पण एकाच वेळी शेकडो हात. पेंढ्या वेळेवर आल्या नाहीत तर बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या. आणखी बाया बोलावल्या तरी रोवणी लवकर उरकत नाही. पेंढ्यांचा ढीग पडलाय आणि बाया कमी, तर गडी धुऱ्यावर बसून राहतो. रेझोल्युशन कमी करणं म्हणजे बायांचं काम हलकं करणं. त्यानंतरही रोवणी तेवढ्याच गतीनं चालली तर खोळंबा पेंढ्यांचा आहे. पाहायचं ते एवढंच, की कोण कुणासाठी थांबलंय.

एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये तर कार्डाला विचारतच कोण होतं? तो सपाट चित्रांचा खेळ. सैन्य वाढलं, माणसं, हत्ती, जहाजं वाढली की सगळा भार प्रोसेसरवर. लॅनवर त्याची एक वेगळीच गंमत होती. प्रत्येक यंत्र संपूर्ण लढाईचा हिशोब स्वतः करायचं आणि सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं, असा त्याचा कारभार. म्हणून सर्वांत दुबळं यंत्र जेवढं धावेल तेवढाच सगळ्यांचा खेळ धावायचा. क्लास सुटल्यावर आठ जण बसले की अर्ध्या तासात कळायचं की खिडकीजवळच्या सेलेरॉनवर कोणी बसू नये, किंवा त्यावर बसणाऱ्यानं तरी सैन्य कमी ठेवावं, कारण त्याच्यामुळं सगळेच हळू होतात. आणि मग तो खरंच कमी ठेवायचा.

मे महिना आला की हे सगळं निदान उलटंपालटं होई. विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. खोलीत कूलर लावला तरी कॅबिनेटच्या आत भट्टी. पेंटियम ४ ला स्वतःला वाचवायची सोय होती: फार तापला की तो मधले ठोके गाळून काम करायचा. पडद्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलंच राहायचं, काम मात्र कमी व्हायचं. ज्यानं जानेवारीत तपासून ‘कार्ड कमी पडतंय’ असा निकाल दिला त्याच्याच यंत्रात मे महिन्यात प्रोसेसर अडवायचा. त्यावरचा उपाय घड्याळ होता. पहाटे पाच-सहाला तोच खेळ, तोच प्रसंग लावायचा आणि दुपारी तीनला पुन्हा लावायचा. पहाटे सुरळीत आणि दुपारी अडखळत असेल तर भाग बदलायची गरज नाही. बाजूचा पत्रा काढा, टेबल फॅन लावा, पंख्याखालच्या पट्ट्यांतली धूळ ब्रशनं काढा. कूलरच्या ओलसर हवेत ही धूळ चिकटून कापडासारखी बसते, नुसत्या फुंकरीनं निघत नाही. त्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन एवढं, की पहाटेची चाचणी आणि दुपारची चाचणी यांच्यामध्ये वीज असेल तेव्हा.

आज माझी बहीण तुमसरला असते. भाच्याचं टेबल पाहिलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो पडद्याच्या कोपऱ्यातला आकड्यांचा खांब. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर मिळून तिथं सगळं लिहितात: कार्ड किती टक्के, किती तापलंय, किती मेमरी भरली, प्रोसेसरचा एकेक कोअर किती, रॅम किती, फ्रेम किती आणि दोन फ्रेममधलं अंतर किती मिलिसेकंद. आम्ही ज्यासाठी कॅबिनेट लुनावर चढवायचो ते सगळं त्या खांबात आहे. मला याचा निखळ आनंद होतो. जुनं ते सोनं असं मी या बाबतीत म्हणणार नाही. मोजता येणं हे न मोजता येण्यापेक्षा चांगलंच.

पण त्याचा पहिला प्रश्न होता, “मामा, कार्ड ९९ टक्क्यांवर जाऊन राहिलं. खराब होईल का?”

हा प्रश्न मी इतर पोरांकडूनही ऐकलाय, आणि तो समजण्यासारखा आहे. ९९ दिसलं की धोक्याची घंटा वाटते. खरं तर कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असणं हीच निरोगी अवस्था. ज्या कार्डासाठी एवढे पैसे मोजले ते पूर्ण राबतंय, पेंढ्या वेळेवर येतायत. काळजी तेव्हा, जेव्हा फ्रेम कमी आहेत आणि कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय. दुसरा घोळ प्रोसेसरच्या आकड्याचा. ‘प्रोसेसर तर ३५ टक्केच आहे, म्हणजे तो मोकळाच आहे,’ असं पोरं छातीठोक सांगतात. पण तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूणात तो साधारण ८ टक्के दिसतो. खेळातला मुख्य धागा एकच असतो. त्याचं काम संपेपर्यंत बाकीच्या कोअरना पुष्कळदा करण्यासारखं काही नसतं. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिलं होतं की जे काम वाटून देता येत नाही तेच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतं. शिवाय विंडोज तो धागा एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, म्हणून एकेका कोअरचा आलेख पाहूनही फसायला होतं. प्रोसेसर अडवतोय हे ओळखायचं तर प्रोसेसरच्या आकड्याकडं न पाहता कार्डाच्या आकड्याकडं पाहावं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्पच बसला.

आकडे एवढे वाढले आणि त्यांच्याबरोबर बाजारात ‘बॉटलनेक’चे झटपट हिशोब आले. प्रोसेसरचं नाव टाका, कार्डाचं नाव टाका, उत्तर येतं: १४.२ टक्के. मला हा प्रकार मुळीच मान्य नाही. कोणत्या खेळात? कोणत्या रेझोल्युशनला? कोणत्या प्रसंगात? त्याच यंत्रावर व्हॅलोरंट खेळताना प्रोसेसर अडवेल आणि किरणांचा उजेड, म्हणजे रे ट्रेसिंग, चालू करून सायबरपंक २०७७ खेळताना कार्ड. एकाच खेळात मोकळ्या माळावर कार्ड, भरल्या बाजारात प्रोसेसर. अडवणारा जागा बदलत राहतो. यंत्रावर कायमचा शिक्का मारण्यासारखी ती गोष्टच नव्हे. दशांश चिन्ह लावल्यानं ती खरी होत नाही. त्या टक्क्यांच्या भरवशावर घरातले चांगले पैसे चुकीच्या भागावर जातात, आणि भंडारा-गोंदियाकडच्या घरांत ते पैसे धानाच्या चुकाऱ्यातून आलेले असतात.

भाच्याचं यंत्र असं: ऑफिसातून निघालेलं जुनं कॅबिनेट, त्यात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअर, चार थ्रेड, डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, आणि त्यावर एसएमपीएस बदलून बसवलेला आरटीएक्स ३०६०. तक्रार सायबरपंकची. रस्त्यावर गाडी पळवली की खेळ थबकतो. त्याच्या मित्रांनी फोनवर आकड्यांचे फोटो पाहून तीन वेगवेगळे सल्ले दिले होते, त्यातले दोन ‘कार्ड बदल’ असे.

आधी साध्या गोष्टी. मॉनिटरची वायर कार्डालाच लागली आहे ना? ती बोर्डाच्या पोर्टात असेल तर एवढं कार्ड शांत बसून राहतं. हे अजूनही घडतं. फ्रेमवर कुठं मर्यादा घातली आहे का? व्हाइस सिटीत ‘फ्रेम लिमिटर’ चालू असला की कार्ड कितीही जोरदार असो, ३० च्या आसपासच फ्रेम यायच्या. आज तीच गोष्ट व्ही-सिंकच्या नावानं येते. ६० वर मर्यादा असेल आणि कार्ड ५५ टक्के दाखवत असेल तर कोणी कोणाला अडवत नाहीये. दोघंही काम उरकून बसलेत. ती मर्यादा काढली.

मग रेझोल्युशन. १०८० वर चालवला, ७२० वर चालवला. ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर आले, सव्वादोनपट कमी. फ्रेम होत्या तिथंच. डीएलएसएस चालू करून पाहिलं, तरी तेच. आणि ते तसंच व्हायला हवं होतं, कारण १०८० वर डीएलएसएसची क्वालिटी पातळी आतून ७२० चंच चित्र काढते आणि मोठं करून दाखवते. इथं पोरांची फार मोठी गल्लत होते. डीएलएसएस, एफएसआर यांची ही चित्र मोठं करण्याची सोय म्हणजे कार्डाचा भार उतरवण्याचं साधन. प्रोसेसर अडवत असेल तर ती चालू करून काही मिळत नाही. उलट कार्ड अजून मोकळं होतं. म्हणूनच डीएलएसएसचं बटण आजची रेझोल्युशनची चाचणी आहे. चालू-बंद करा आणि पाहा. दोन मिनिटांचं काम.

नंतर गर्दी. सायबरपंकच्या सेटिंगमध्ये रस्त्यावरच्या गर्दीचं प्रमाण कमी-जास्त करता येतं. ते कमी केलं आणि थबकणं लगेच कमी झालं. चित्राचा एकही दागिना न काढता, फक्त माणसं कमी करून. चारही कोअर तेव्हा कुठं शंभराच्या खाली उतरले. भाच्यानं स्वतःच निकाल दिला.

त्याच संध्याकाळी आम्ही इंटेलचं प्रेझेंटमॉनही लावलं. २०२३ पासून त्यात एक मोजमाप आहे ज्याची आम्हाला २००३ मध्ये कल्पनाही करता आली नसती: एका फ्रेमला एकूण किती वेळ लागला आणि त्यातला किती वेळ कार्ड खरोखर कामात होतं, हे शेजारी शेजारी. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. त्यातले कार्डानं समजा ९ वापरले, तर उरलेले ७.७ ते पेंढ्यांची वाट पाहत उभं होतं. दोन रेषा पडद्यावर पळताना दिसतात; जिथं त्या चिकटतात तिथं कार्ड, जिथं फाकतात तिथं प्रोसेसर. मी ती कितीतरी वेळ पाहत बसलो. शॅडो ऑफ द टूम रेडर या २०१८ च्या खेळाची स्वतःची चाचणीही शेवटी सांगते की किती टक्के वेळ कार्डानं अडवलं. खेळ करणाऱ्यांनीच उत्तर लिहून दिलंय.

तरी एक अडखळणं या रेषांनाही चकवतं. नव्या खेळांत एखादी गोष्ट पहिल्यांदा पडद्यावर येते, पहिला स्फोट, पहिला पाऊस, तेव्हा तिचे शेडर तिथल्या तिथं तयार होतात आणि खेळ क्षणभर गोठतो. त्याच गल्लीतून दुसऱ्यांदा गेलं की काही होत नाही. त्यासाठी प्रोसेसरही बदलायचा नसतो आणि कार्डही. त्याच गल्लीतून पुन्हा जायचं असतं. आणि ‘लॅग’ हा एकच शब्द पोरं आता सगळ्याला लावतात, नेटचा पिंग वाढला तरी लॅग, फ्रेम पडल्या तरी लॅग. पिंग वाढला तर शत्रू उड्या मारत सरकतो, पण आपला माऊस मऊ फिरतो. फ्रेम पडल्या तर आपलाच माऊस जड होतो. हा फरक बोटांना कळतो, त्यासाठी कोपऱ्यातला खांब लागत नाही.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर हुरहूर लागते. भाच्याच्या खोलीत तो एकटा असतो. हेडफोनवर गोंदियाचा एक, पुण्याचा एक, कोणी नाशिकचा, असे मित्र असतात आणि ते जीव लावून मदत करतात. पण त्यांच्यापर्यंत आकड्यांचा फोटो पोचतो, यंत्र पोचत नाही. फोटो एका क्षणाचा. धुरात शिरताना फ्रेम पडल्या की धुरातून निघताना, पंखा कधी वाढला, कॅबिनेटला हात लावला तर केवढं तापलंय, हे फोटोत नसतं. कार्ड काढून दुसऱ्याच्या बोर्डात बसवायला शेजारी दुसरा बोर्डही नसतो, कारण गल्लीतली बाकीची पोरं आता फोनवर बीजीएमआय खेळतात. त्या फोनचंही मे महिन्यात तेच होतं, तापला की हळू. फक्त त्याचा पत्रा काढून पंखा लावता येत नाही.

निदान झालं तरी खर्चाचा प्रश्न तेव्हाही कठीण होता, आताही आहे. कार्ड अडवत असेल तर एक कार्ड बदललं की झालं. प्रोसेसर अडवत असेल तर तो एकटा जात नाही. बोर्ड आणि रॅम घेऊन जातो. २००४ मध्ये एजीपीच्या जागी पीसीआय एक्स्प्रेस आलं तेव्हा नवा बोर्ड घेणाऱ्याला चांगलं चालतं कार्डही सोडावं लागलं होतं. भाच्याची डीडीआर३ पट्टी नव्या बोर्डात बसणार नाही. ज्यांनी २०१७ नंतर एएम४ चा बोर्ड घेतला ते नशीबवान: त्याच खाचेत पहिल्या रायझेनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डी पर्यंतचे प्रोसेसर बसतात, बोर्डाचा बायोस तेवढा नवा करावा लागतो. म्हणून त्याच्यासाठी आम्ही नागपुरातून वापरलेला एएम४ बोर्ड, सहा कोअरचा रायझेन आणि डीडीआर४ च्या दोन पट्ट्या आणायचं ठरवलं. दोन, कारण एका पट्टीवर रॅमचा रस्ता निम्माच राहतो आणि त्याचा फटका पहिल्यांदा प्रोसेसरला बसतो. कार्ड आहे तेच राहील. त्याच्यात अजून पुष्कळ दम आहे.

जुना आय-फाइव्ह बोर्डासकट शेजारच्या मुलीला जाईल, तिला स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन सरावाला तो पुरून उरतो. आणि मे महिन्यात मी तुमसरला जाणार आहे. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहाटे काय चालतो आणि दुपारी तीनला काय, ते पाहायचं बाकी आहे.